शिखरावर कॅमेरा कोण नेतो?

हिमालयातल्या एखाद्या मोहिमेचा माहितीपट बघताना आपलं सगळं लक्ष असतं ते दोराला लटकलेल्या माणसाकडे. त्याचा पाय घसरला की आपल्या पोटात गोळा येतो, तो वर पोचला की आपल्याला हायसं वाटतं, आणि मग आपण उठून कुकर लावायला जातो. पण हे सगळं टिपणारा माणूसही त्याच कड्यावर, त्याच थंडीत उभा होता, कधी कधी तर त्या चढणाऱ्याच्याही आधी तिथे पोचला होता, हे आपल्या ध्यानातसुद्धा येत नाही.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवीच्या वर्गात एव्हरेस्टविषयी सांगत होते, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, पहिला माणूस वर चढला, तेव्हा त्याचं शूटिंग करणारा त्याच्या आधीच वर गेला होता का?" वर्ग खो खो हसला. मला मात्र तो प्रश्न मोठा मार्मिक वाटला. त्याचं उत्तर शोधायला म्हणून पुस्तकं उघडली आणि त्यात पार गुंतून गेले.

तर उत्तर असं, की नव्हता गेला! १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले तेव्हा तिथे चित्रपटाचा कॅमेराच नव्हता. हिलरीनं साध्या कॅमेऱ्यानं तेनसिंगचे फोटो काढले. हिलरीचा स्वतःचा शिखरावरचा एकही फोटो नाही. त्या मोहिमेवर चित्रपट काढायची जबाबदारी टॉम स्टोबार्ट या इंग्रज छायाचित्रकाराकडे होती. अगदी वरच्या तळांवरचं चित्रण केलं ते जॉर्ज लो या न्यूझीलंडच्या गड्यानं. हा लो व्यवसायानं प्राथमिक शाळेतला मास्तर! मला हे वाचून उगीचच अभिमान वाटला.

शिखराचं दृश्य नाही, मग चित्रपटाचा शेवट कसा करायचा? स्टोबार्टनं युक्ती केली. उतरून येणाऱ्या मंडळींना त्यानं वाटेत गाठलं आणि सांगितलं, खालच्या तळाजवळ येईपर्यंत जिंकल्याची कसलीही खूण करू नका. ती मंडळी मुकाट्यानं मान खाली घालून येत राहिली. मोहिमेचा प्रमुख जॉन हंट तळावरून बघत होता. काहीच खूण नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, संपलं, अपयश आलं. अगदी जवळ आल्यावर लोनं आपली बर्फकुऱ्हाड शिखराच्या दिशेनं उंचावली, आणि मग हंट धावत सुटला. त्या मिठीचं चित्रण पडद्यावर आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे. तरी मला त्या बिचाऱ्या हंटची दयाच येते. चांगल्या दृश्यासाठी त्याला दोन-चार मिनिटं का होईना, खोट्या दुःखात ठेवलं!

जाता जाता आणखी एक. हा स्टोबार्ट पुढे पाकशास्त्रावर लिहू लागला. मसाल्यांवर आणि औषधी पानांवर त्याचं जाडजूड पुस्तक आहे, स्वयंपाकाचा कोशही आहे. एव्हरेस्टचा चित्रपट काढणारा माणूस जिऱ्या-मोहरीवर पुस्तक लिहितो, यावर आपल्या घरातल्या पुरुषमंडळींनी जरूर विचार करावा.

आता स्वयंपाकाचा विषय निघालाच आहे तर सांगते. अशा चित्रणातल्या कितीतरी अडचणी आपल्याला चुलीपाशी उभं राहून चटकन कळतात. फ्रिजमधून स्टीलचं भांडं बाहेर काढून ठेवलं की त्याला घाम सुटतो ना? तेच कॅमेऱ्याचं होतं. दिवसभर उणे वीस अंशात राहिलेला कॅमेरा रात्री तंबूच्या उबेत आणला, की त्याच्या भिंगावर आणि आतल्या यंत्रावर दव धरतं. सकाळी बाहेर नेला की त्या दवाचा बर्फ. म्हणून अनुभवी माणसं कॅमेरा तंबूबाहेर थंडीतच ठेवतात, किंवा आत आणलाच तर हवाबंद पिशवीत बांधून आणतात. बॅटऱ्यांचं नेमकं उलटं. त्या गारठ्यात लगेच मान टाकतात, म्हणून त्यांना रात्री स्वतःच्या झोपायच्या पिशवीत, अंगाशी घेऊन निजावं लागतं. तान्ह्या बाळासारखं! जुन्या काळी तर फिल्मच थंडीनं काचेसारखी कडक व्हायची आणि कॅमेऱ्यात तटकन तुटायची. यंत्रातलं तेल गोठून घट्ट व्हायचं, म्हणून नेहमीचं वंगण आधीच काढून टाकावं लागे.

आणि माणसांचं पोट? एव्हरेस्टचा पायथ्याचा तळच साडेसतरा हजार फुटांवर. तिथे पाणी शंभर अंशांपर्यंत तापतच नाही, ऐंशी-ब्याऐंशी अंशांच्या आसपास उकळायला लागतं. डाळ घातली तर ती खुळखुळत राहील, शिजणार नाही. त्यामुळे तिथल्या स्वयंपाकघरातही प्रेशर कुकरची शिट्टी वाजते. वरच्या तळांवर तर पाणीच नसतं. बर्फ वितळवायचं, त्याचं पाणी करायचं, आणि त्यातच दिवसाचे तीन-चार तास जातात. जो चित्रण करतो त्याला हे चुकत नाही. दिवसभर लोकांच्या पुढे पळून कॅमेरा लावायचा, ते निघून गेले की तो आवरायचा, पुन्हा त्यांना गाठायचं, आणि संध्याकाळी इतरांसारखाच बर्फ वितळवायचा. गिर्यारोहक एक वाट एकदा चढतो. कॅमेरावाल्याला ती कधी कधी दोनदा चढावी लागते.

या उद्योगाचा पहिला मोठा खेळाडू म्हणजे कॅप्टन जॉन नोएल. १९२२ च्या मोहिमेत त्यानं एव्हरेस्टच्या पायथ्याशी तंबूतच फिल्म धुतली आणि याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर ती वाळवली. गोवरीची धग मंद आणि एकसारखी असते हे खेड्यात वाढलेल्या मैत्रिणींना सांगायला नको. १९२४ च्या मोहिमेत त्यानं आठ हजार पौंड देऊन चित्रणाचे हक्कच विकत घेतले. त्या काळी ही रक्कम भलतीच मोठी. यावेळी फिल्मची रिळं निरोप्यांकरवी दार्जिलिंगला पाठवली जात आणि तिथे खास उभारलेल्या प्रयोगशाळेत धुतली जात.

त्याच मोहिमेत ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि अर्व्हिन हे दोघे शिखराकडे जाताना ढगात दिसेनासे झाले ते कायमचे. नोएल खालच्या तळावरून लांब पल्ल्याचं भिंग लावून बसला होता. वरच्या तळावर शोध घेणाऱ्यांशी बोलायचं साधन नव्हतं, तेव्हा आधीच ठरलं होतं, की बर्फावर पांघरुणं अंथरून खूण करायची. सहा पांघरुणं फुलीच्या आकारात अंथरली गेली. अर्थ असा, की दोघेही गेले. नोएलनं ती फुली भिंगातून पाहिली आणि तिचं चित्रण केलं. 'द एपिक ऑफ एव्हरेस्ट' या त्याच्या चित्रपटात ती आजही दिसते. २०१३ साली हा चित्रपट दुरुस्त करून पुन्हा दाखवला गेला. पांढऱ्या बर्फावर मुंगीएवढी माणसं आणि ती फुली. शब्द नाहीत, रडारड नाही. इंग्लंडात मॅलरीची बायको आणि तीन लहान मुलं होती.

नोएलच्या चित्रपटाचं एक कवित्व पुढे झालं ते मात्र शोभेचं नव्हतं. चित्रपटाला गर्दी जमवण्यासाठी त्यानं तिबेटातून सात लामांना लंडनला नेलं आणि खेळाआधी रंगमंचावर त्यांचे नाच करवले. शिवाय चित्रपटात एक तिबेटी माणूस मुलाच्या डोक्यातल्या उवा काढून खाताना दाखवला होता. तिबेटचं सरकार संतापलं, आणि १९३३ पर्यंत एव्हरेस्टवर जायची परवानगी कुणाला मिळाली नाही. मला विचाराल तर ते रागावले ते रास्तच. पाहुणा म्हणून आपल्या घरी यायचं, आपला पाहुणचार घ्यायचा, आणि परत गेल्यावर आपली मोरी चार लोकांना दाखवायची, हे कुठल्या गृहिणीला खपेल?

आपल्याकडेही या कामाची परंपरा आहे. १९६५ साली कमांडर मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली नऊ भारतीय गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले. त्या मोहिमेवर फिल्म्स डिव्हिजननं 'एव्हरेस्ट' नावाचा माहितीपट काढला आणि त्याला संगीत कुणाचं, तर शंकर-जयकिशन यांचं! मुंबईच्या पेडर रोडवरची ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. पण सिनेमा सुरू होण्याआधी थिएटरात फिल्म्स डिव्हिजनचं काहीतरी बघितल्याची आठवण आपल्या आई-मावश्यांना अजून असते.

बायकांनी हे काम केव्हा हाती घेतलं, हे शोधताना १९७८ साल भेटतं. अमेरिकेतल्या आर्लीन ब्लम या बाईनं फक्त स्त्रियांची मोहीम अन्नपूर्णा शिखरावर नेली. पैसे कुठून आणायचे? तर त्यांनी टी-शर्ट छापून विकले. 'बाईची जागा घरात' या म्हणण्याला कोपरखळी मारून त्यावर लिहिलं होतं, की बाईची जागा वर, माथ्यावर! असे हजारो टी-शर्ट खपले आणि मोहीम उभी राहिली. भिशी आणि पापड-लोणच्यांवर मंडळं चालवणाऱ्या आपल्याला हा मार्ग अगदी ओळखीचा वाटेल. चित्रण करायलाही दोन बायकाच होत्या, कॅमेऱ्यावर डायना टेलर आणि ध्वनीसाठी मेरी ॲश्टन. १५ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्यातल्या दोघीजणी दोन शेर्पांसह शिखरावर पोचल्या. दोनच दिवसांनी दुसऱ्या जोडीतल्या दोघी पडून गेल्या. आनंदाचा चित्रपट काढायला गेलेल्या त्या दोघींच्या हातात हे दोन्ही आलं.

पण मला सगळ्यात जास्त वेळ गुंतवून ठेवलं ते ज्युली टुलिस या बाईनं. १९३९ साली जन्मलेली ही इंग्रज बाई. नवरा टेरी, दोन मुलं. ग्रूमब्रिज गावाजवळ हॅरिसन्स रॉक्स म्हणून वालुकाश्माचे बुटके कडे आहेत, तिथे ती चढाई शिकवायची, अपंग मुलांनासुद्धा. घर, मुलं आणि शिकवणं असं तिचं आयुष्य चाललेलं. चाळिशी ओलांडल्यावर, १९८२ साली, कुर्ट डीमबर्गर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं तिला नंगा पर्वतावर चित्रपटाच्या कामासाठी सोबत बोलावलं. तिच्याकडे काम आलं ध्वनिमुद्रणाचं.

ध्वनिमुद्रण म्हणजे काय, तर सगळ्यांत दुर्लक्षित काम. उंचावर वारा एवढा असतो, की नुसता मायक्रोफोन धरला तर फक्त घोंगावणं ऐकू येतं. त्याला लोकरीसारखं आवरण घालायचं, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि दमलेल्या माणसाच्या तोंडाजवळ तो धरायचा. स्वतःचा श्वास भात्यासारखा चालत असताना तो आवरून धरायचा, नाहीतर फितीवर त्याचा नाही, आपलाच श्वास येणार! ज्युली हे शिकली, कॅमेराही शिकली. पुढली चार वर्षं ही जोडी के-टू, ब्रॉड पीक, नंगा पर्वत, एव्हरेस्ट अशी हिंडत राहिली. जगातलं सर्वांत उंचावर काम करणारं चित्रपट-पथक म्हणून ती दोघं ओळखली जाऊ लागली. १९८४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ज्युलीनं ब्रॉड पीकच्या माथ्यावर पाय ठेवला. आठ हजार मीटरवरचं शिखर गाठणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "आणि मुलांचं कोण बघतं?" तिलाही तो चुकला नसेल. तिची मुलं तोवर मोठी झाली होती आणि टेरीनं तिला अडवलं नाही. महिनोन्‌महिने बायको परक्या पुरुषाबरोबर पर्वतावर तंबूत राहते, यावर लोक काय काय बोलले असतील याची कल्पना आपण सहज करू शकतो. मला त्या टेरीचं कौतुक वाटतं, आणि थोडी काळजीही वाटते. कारण वाट बघण्याचं काम काय असतं, ते वाट बघणाऱ्यालाच ठाऊक.

१९८६ च्या उन्हाळ्यात ती दोघं पुन्हा के-टूवर गेली, इटालियन मोहिमेबरोबर. ४ ऑगस्टला संध्याकाळी ती शिखरावर पोचली. के-टूच्या माथ्यावर उभी राहिलेली ज्युली ही पहिली ब्रिटिश स्त्री. पण उशीर झाला होता. उतरताना ती घसरली, दोघंही ओढली गेली, कशीबशी थांबली. रात्र उघड्या बर्फातच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी आठ हजार मीटरच्या आसपासच्या तळावर पोचली खरी, पण तिथे वादळानं सात जणांना कोंडून घातलं. इंधन संपलं, म्हणजे बर्फ वितळवता येईना, म्हणजे प्यायला पाणी नाही. चारी बाजूंना बर्फच बर्फ आणि घशाला कोरड! ६ आणि ७ ऑगस्टच्या मधल्या रात्री ज्युली गेली. त्या सातांतले दोघेच जिवंत उतरले. डीमबर्गर त्यातला एक. हिमदंशानं त्याची बोटं अर्धवट गेली. त्या एका मोसमात के-टूवर तेरा जण मेले. ज्युलीचं आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालं.

तिनं केलं ते बरोबर का चूक, याचा निवाडा करायला मी बसलेले नाही. एवढंच म्हणते, की अशा चित्रपटात शेवटी नावांची यादी झरझर सरकते ना, तेव्हा 'ध्वनी' या शब्दापुढचं नावही वाचत जा.

माणूस मरत असताना कॅमेरा चालू ठेवायचा का, हा या धंद्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न. १९९६ साली डेव्हिड ब्रेशियर्स हा अमेरिकन छायाचित्रकार आयमॅक्सचा भव्य पडद्याचा चित्रपट काढायला एव्हरेस्टवर होता. त्याच्या चमूत तेनसिंगचा मुलगा जामलिंग होता, स्पेनची आरासेली सेगारा होती. आयमॅक्सचा कॅमेरा म्हणजे धूडच. खास हलका करून घेतल्यावरही सगळ्या सामानासकट त्याचं वजन एकोणीस किलो भरे. पाचशे फुटांचं एक रीळ फक्त नव्वद सेकंदांत संपे, आणि नवं रीळ घालायचं तर हातमोजे काढून उघड्या बोटांनी. तळाची व्यवस्था पॉला व्हीस्टर्सकडे होती. तिचं नुकतंच लग्न झालेलं, आणि नवरा एड वर चढणाऱ्यांत!

१० मे रोजी वादळ आलं आणि इतर मोहिमांचे लोक वर अडकले. ब्रेशियर्सच्या मंडळींनी काय केलं? साउथ कोलवर साठवलेला त्यांचा प्राणवायू आणि बॅटऱ्या त्यांनी अडकलेल्यांना वापरायला सांगितल्या. चित्रपटाचं काय होईल याचा हिशेब नंतर. मग ब्रेशियर्स आणि एड मदतीला वर गेले आणि हिमदंशानं जखमी झालेल्या बेक वेदर्सला उतरवायला त्यांनी हात लावला. त्या वादळात आठ जण गेले. त्यांतले तिघे उत्तरेच्या बाजूनं चढणारे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे जवान होते. न्यूझीलंडचा रॉब हॉल शिखराजवळ अडकला होता. त्याची गरोदर बायको न्यूझीलंडमध्ये होती. वायरलेस आणि फोन जोडून त्या दोघांचं अखेरचं बोलणं झालं, त्यात होणाऱ्या बाळाचं नावही ठरलं. मग २३ मे रोजी ब्रेशियर्सची माणसं तो जड कॅमेरा घेऊन, मेलेल्या मित्रांच्या जवळून, शिखरावर पोचली. १९९८ साली आलेला तो चित्रपट जेमतेम पाऊण तासाचा आहे.

आता कॅमेरे तळहाताएवढे झालेत, ड्रोन घिरट्या घालतात, रिळाचा प्रश्नच उरला नाही. त्यामुळे की काय, कॅमेरा आता शिखरावरून थोडा खालीही वळायला लागलाय, घरांकडे. गढवालमधल्या मेरू शिखरावरचा २०१५ चा 'मेरू' हा माहितीपट जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासरहेली या नवरा-बायकोनं दिग्दर्शित केला. नवरा स्वतः चढणारा, बायको गिर्यारोहक नव्हे. पण चढणाऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायका, बहिणी त्यात मोकळेपणानं बोलतात, आणि मला तरी तो भाग कड्यावरच्या कसरतींपेक्षा जास्त धरून ठेवणारा वाटला.

त्याच वर्षी आलेला 'शेर्पा' तर जरूर बघा. जेनिफर पीडम या ऑस्ट्रेलियन बाईनं तो काढला. एव्हरेस्टवरच्या चित्रणात तिनं आधीही काम केलं होतं. यावेळी तिला शेर्पांच्या बाजूनं मोहीम दाखवायची होती. तिचा नायक फुर्बा ताशी २१ वेळा शिखरावर जाऊन आलेला, बाविसाव्यांदा गेला असता तर विक्रम झाला असता. कॅमेरा त्याच्या घरात जातो. चूल आहे, मुलं आहेत, आई आहे, बायको कर्मा डोमा आहे. तिचा भाऊ याच पर्वतावर गेलेला. नवऱ्यानं पुन्हा जाऊ नये असं तिला वाटतं, आईलाही वाटतं. पण पैसा त्याच कामातून येतो, त्यामुळे घरात ते नुसतं धुमसत राहतं. हे आपल्याला समजायला शेर्पांची भाषा यावी लागत नाही.

चित्रण चालू असतानाच १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड तुकडा कोसळला आणि परदेशी गिर्यारोहकांची ओझी वाहणारे सोळा जण गेले. मग शेर्पांनी त्या मोसमात चढायला नकार दिला. काढायला घेतला होता एक चित्रपट, झाला दुसराच. फुर्बा ताशी घरी परतला. बाविसाव्यांदा तो गेला नाही.